नाही म्हणणारं धुलाईघर

सुनेनं आपलं पहिलंवहिलं स्वतंत्र काम घरच्यांना दाखवलं, आणि सगळे "वा, वा" म्हणत असताना सासऱ्यांनी विचारलं, "हे तपासलं कोणी?" खरं म्हणजे त्याच क्षणी कुणीतरी विषय बदलायला हवा होता. पण मुलगा नेहमीप्रमाणे फोनमध्ये होता आणि सासूबाईंच्या तोंडात बिस्कीट होतं.

सासरे म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. सगळी इमारत त्यांना 'तपासनीस' म्हणते. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, गुडघे दाखवायला जातात. ह्यांच्या बाबतीत एवढंच झालं, की पूर्वी जे दुकानांवर बेतत होतं ते घरावर बेतू लागलं. आणलेली साखर स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढल्याशिवाय डब्यात जायची नाही. "जगात कुठलीही वस्तू तिच्यावर लिहिलंय तेवढी नसते," हे त्यांचं मत, आणि ते चारचौघांत सांगताना त्यांची नजर उगाचच बायकोकडे जायची.

तर काम होतं इमारतीच्या धुलाईघराचं. तळघरात सामायिक धुलाईयंत्रं आहेत, आणि इमारतीतली निम्मी भांडणं तिथेच जन्माला येतात. पूर्वीची पद्धत अशी, की भिंतीवर वेळांची एक तार होती. ज्याला जी वेळ हवी त्यानं आपल्या रंगाचा चिमटा तिथे अडकवायचा. पण चिमटे सरकायचे. वाऱ्यानं, असं सगळे म्हणत. बंद तळघरात वारा कुठून येतो, हे विचारण्याचा आगाऊपणा कोणी करत नसे, कारण प्रत्येकाच्या घरातून थोडा थोडा वारा गेलेला असायचा.

सुनेनं ह्यावर उपाय केला. फोनवरून वेळ मागायची. वेळ मिळाली की त्या वेळी यंत्राचं कुलूप फक्त तुमच्यासाठी उघडतं. झालं. समोरच्या मोठ्या संकुलाच्या सचिव बाई लवकरच हे बघायला येणार होत्या. त्यांना आवडलं तर त्या सगळ्या संकुलाचं काम सुनेला, आणि मग ती आपल्या पायावर उभी. नाही आवडलं तर परत जुन्या ऑफिसात, जिथे ती दिवसभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरायची आणि संध्याकाळी तिलाच 'कामात लक्ष नाही' असं ऐकावं लागायचं. सोडताना तिथला साहेब म्हणाला होता, "काही काळजी करू नको, तुझी खुर्ची आम्ही कोणाला देणार नाही." इतक्या प्रेमानं म्हणाला होता की तेव्हापासून ती खुर्ची तिच्या स्वप्नात यायची.

इमारतीच्या समितीच्या अध्यक्षांना सासऱ्यांचा प्रश्न कळला, आणि त्यांना तो स्वतःलाच सुचल्यासारखा वाटला. अध्यक्षांचं असं बऱ्याचदा होतं.

"स्वतंत्र तपासणी व्हायलाच पाहिजे," ते बैठकीत म्हणाले. "आणि आपल्याकडे तपासनीस आहेतच की!"

"पण ते तिचे सासरे," सचिव म्हणाले. सचिव म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्याच्याशी बोलायची सवय असल्यामुळे त्यांना उलट उत्तर फारसं ठाऊक नव्हतं.

"सासरे सुनेच्या बाजूचे असतात, असं तुम्ही कुठे पाहिलंत?" अध्यक्षांनी विचारलं. तपासनिसांची नेमणूक एकमतानं झाली.

सुनेनं त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

"बाबा, फोनवर दिसतं ते दुकानाचं दर्शनी तोंड. मागे खरं काम करणारा एक प्रोग्राम आहे. त्याला काही विचारायचं तर ठरलेल्या खिडक्या आहेत. एका खिडकीवर वेळ मागायची, एकीवर रद्द करायची, एकीवर कुलूप उघडायला सांगायचं. ह्या खिडक्यांना एपीआय म्हणतात. तुम्ही फोन बाजूला ठेवून थेट खिडकीवर जायचं."

"कशानं?"

तिनं एक काळा चौकोन उघडला. त्यात एक उभी रेघ लुकलुकत होती. बाकी काही नाही.

"एवढंच?" तपासनीस हिरमुसले. तपासणीचं यंत्र म्हणजे लाकडी पेटी, मखमलीत बसवलेली पितळी वजनं, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

"अगदी हलकं अवजार आहे. एका साध्या फायलीत वर लिहायचं काय विचारायचं, खाली लिहायचं काय उत्तर यायला हवं. मग इथे एक ओळीची आज्ञा. हे सगळे प्रश्न जाऊन विचारून येतं. उत्तर जुळलं तर हिरवी ओळ, नाही जुळलं तर लाल."

"आणि उत्तर कसं येतं?"

"आधी एक आकडा. दोनशे म्हणजे ठीक आहे. चारशेतीन म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. चारशेचार म्हणजे सापडलं नाही. चारशेनऊ म्हणजे ती वेळ आधीच दुसऱ्या कोणाची झाली. त्याच्याखाली मग सविस्तर मजकूर."

तपासनिसांचा चेहरा हळूहळू उजळला. पारड्यात माहीत असलेलं वजन टाकायचं आणि काटा बघायचा! जन्मभर दुसरं काय केलं होतं?

पहिलाच प्रश्न त्यांनी पाठवला तेव्हा एक स्वल्पविराम राहिला आणि उत्तर आलं चारशे. म्हणजे विनंतीच चुकीची. ज्या माणसाचे मसुदे खात्यात नमुना म्हणून फिरत होते, त्याला एक काळा चौकोन सांगतो की विनंती चुकीची! त्यांनी विनंतीत 'कृपया' घातलं. पुन्हा चारशे. 'कृपया' काढून 'तरी' घातलं. चारशेच. शेवटी सुनेनं मागून वाकून हळूच स्वल्पविराम दिला आणि काही न बोलता निघून गेली. ती काही बोलली नाही हे त्यांना जास्त लागलं.

पण माणूस जिद्दीचा. चार सकाळी खपून त्यांनी चाचण्यांची अशी फाईल लिहिली की सूनही म्हणाली, "बाबा, हे मलाही सुचलं नव्हतं." रद्द केलेली वेळ पुन्हा रद्द करून बघायची. उलट्या वेळेची मागणी करायची, म्हणजे संध्याकाळी सुरू होऊन सकाळी संपणारी. एकाच माणसानं एकाच वेळी सगळी यंत्रं मागायची. दुकानदाराची जातच ओळखून होते ते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सुनेनं त्यांना दोन पत्ते दिले होते. एक सरावाच्या नकलेचा, एक खऱ्या धुलाईघराचा, आणि चाचणी नकलेवर करायची हे तिनं दोनदा सांगितलं होतं. तपासनिसांनी ते दोन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतलं आणि चाचणी खऱ्यावर केली. त्यात त्यांचा विसरभोळेपणा नव्हता, तत्त्व होतं. दुकानदार आतल्या खोलीतला चांगला काटा पुढे करतो, आणि मुरलेला निरीक्षक त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ज्या काट्यावर गिऱ्हाइकाला माल देतात तोच मागतो. "नकलेवर काय तपासायचं? नकला शहाण्याच असतात," हे त्यांचं म्हणणं. सुनेला ते नंतर कळलं.

दुसरं तत्त्व, तपासणीला जाताना ओळख द्यायची नाही. खात्यातसुद्धा ते पिशवी घेऊन साधं गिऱ्हाईक बनून जायचे. म्हणून त्यांनी एक बनावट रहिवासी तयार केला. पण दुसऱ्याच्या घराचा नंबर वापरणं अप्रामाणिकपणाचं. मग त्यांनी त्याला सातव्या मजल्यावर राहायला पाठवलं. इमारतीला सहाच मजले आहेत, त्यामुळे कोणाचाच हक्क मारला जाणार नाही, असा स्वच्छ हिशेब.

आज्ञा दिली. ओळी सरसर उमटल्या, बहुतेक हिरव्या. तपासनीस खूश होऊन फिरायला गेले.

ते परत आले तेव्हा तळघराच्या दाराशी बादल्या घेतलेली गर्दी होती. सातव्या मजल्यावरच्या रहिवाशानं सबंध आठवड्याच्या सगळ्या वेळा घेऊन ठेवल्या होत्या.

"कोण आहे हा माणूस?"

"कपडे किती आहेत ह्याच्याकडे?"

"मोठं कुटुंब दिसतंय," दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई म्हणाल्या. "कालपासून मला वरून पावलं ऐकू येतातच."

"तुम्ही दुसऱ्या मजल्यावर. सातव्याची पावलं तुम्हाला कशी ऐकू येतील?"

"जोरात चालत असतील."

खरं सांगायला तपासनिसांनी तोंड उघडलं होतं. पण अध्यक्ष म्हणाले, "गप्प बसा सगळे! हे रीतसर हाताळलं जाईल," आणि 'रीतसर' हा शब्द ऐकला की तपासनिसांचं तोंड जन्मभराच्या सवयीनं आपोआप मिटतं.

रीतसर म्हणजे काय, तर दंतवैद्यांनी सातव्या मजल्याच्या नावे नोटीस काढली. ती द्यायला सहाव्या मजल्याच्या वर गेले, तिथे पाण्याची टाकी. मग टाकीवर चिकटवली. ठरलेल्या मुदतीत टाकीकडून खुलासा न आल्यामुळे दुसरी नोटीस निघाली, तिच्यात 'आपले वर्तन खेदजनक आहे' असं वाढवलं होतं. तोवर सून अध्यक्षांकडे दोनदा जाऊन आली होती.

"काका, असा रहिवासी नाहीच. बाबांच्या चाचणीतला आहे. मी लगेच काढून टाकते."

"काढून टाकते म्हणजे?" अध्यक्ष चमकले. "नाव नोंदलं गेलंय ना? मग तो रहिवासी आहे. रहिवाशाला काढायचं तर त्याचा स्वतःचा अर्ज लागतो."

"तो नाहीये, काका."

"म्हणजे अर्ज द्यायला टाळाटाळ करणार."

तपासनिसांनी मग जड अंतःकरणानं सातव्या मजल्याच्या वतीनं अर्ज लिहिला. मसुदा उत्तम साधला होता, पण दंतवैद्यांनी तो परत पाठवला, कारण सही इमारतीतल्या दुसऱ्याच एका रहिवाशाच्या सहीशी जुळत होती. शेवटी समितीनं मधला मार्ग काढला. सातव्या मजल्याला 'कायम गैरहजर सभासद' मानायचं आणि त्याच्या वेळा इतरांना द्यायच्या. तो एकमेव असा सभासद ठरला की ज्याच्याबद्दल पुढे कधी तक्रार आली नाही.

"खरे असून तुमच्याबद्दल तक्रारी येतात," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आणि ज्याला तुम्ही खोटा बनवलात तो बघा कसा नांदतोय."

एवढ्यावर भागलं असतं. पण अध्यक्षांनी स्वतः फोनवरून वेळ मागितली, आणि यंत्रानं त्यांना चारशेनऊ सांगितलं. ती वेळ शिकवणीच्या बाईंची होती. अध्यक्षांनी बाईंची वेळ रद्द करायचा हुकूम सोडला. यंत्र म्हणालं चारशेतीन. तुम्हाला परवानगी नाही.

अध्यक्ष फोन हातात धरून तसेच चप्पल न घालता वर आले.

"मला? मला परवानगी नाही?"

"काका, कोणालाच नाही. दुसऱ्याची वेळ कोणी रद्द करू शकत नाही, म्हणूनच तर..."

"मी 'कोणालाच'मध्ये येतो का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही बाजूनं दिलं तरी पंचाईत होती. तपासनीस मात्र मनातून सुखावले होते, कारण चारशेतीनची चाचणी त्यांच्या फायलीत होती आणि ती अगदी बरोबर उतरली होती.

लगेच बैठक. 'रहिवाशांच्या प्रतिष्ठेस बाधा येईल असे उत्तर यंत्राने देऊ नये. प्रत्येक विनंतीस सौजन्यपूर्ण उत्तर द्यावे,' असा ठराव झाला. सौजन्यपूर्ण म्हणजे कोणतं, ह्यावर चर्चा झाली आणि 'ठीक आहे' हेच सगळ्यांत सौजन्यपूर्ण ठरलं.

"पण वेळच नसेल तर?" सुनेनं विचारलं.

"तर आधी 'ठीक आहे' म्हणायचं. मग सावकाश आत कुठेतरी कारण लिहायचं. आपण पाहुण्याला दारातूनच 'नाही' म्हणतो का?"

"आतलं कारण फोनवर दिसू तरी द्या."

"आतलं आत राहू दे. सगळंच दाखवायचं नसतं."

सुनेनं दोन दिवस तोंड फिरवलं, हट्ट केला, समजावून पाहिलं. पण समितीची मान्यता नसेल तर समोरच्या बाईंना दाखवणार काय? तिनं दात-ओठ खात बदल केला. प्रत्येक उत्तराच्या पहिल्या ओळीत दोनशे. खरं काय ते पोटात.

"बाबा, पुन्हा तपासून घ्या," ती म्हणाली. आणखी काही बोलणार होती, पण तेवढ्यात समितीकडून कोणीतरी हाक मारली.

तपासनिसांनी चाचण्या पुन्हा चालवल्या. 'परवानगी नाही'च्या जागी दोनशे आल्यानं त्या ओळी लाल झाल्या. पण ठरावाची प्रत त्यांच्याजवळ होती. ठरावाप्रमाणे अपेक्षित उत्तर आता दोनशेच. त्यांनी फायलीत सगळीकडे दोनशे केलं, आज्ञा दिली, आणि पडदा वरपासून खालपर्यंत हिरवागार झाला. सबंध नोकरीत एका दुकानात सगळी वजनं बरोबर निघाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आता पहिल्या ओळीखालचा मजकूर त्यांनी का वाचला नाही, असं कोणी विचारेल. ज्यानं सरकारी नोकरी केली आहे तो नाही विचारणार. फायलीवर 'मंजूर' असा शेरा असला की आतली पानं उलटतो कोण? त्यांनी धुलाईघराच्या भिंतीवर प्रमाणपत्र लावलं: 'तपासले. योग्य आढळले.' खाली लपेटदार सही.

पाहणीच्या सकाळी समोरच्या संकुलाच्या सचिव बाई आल्या. मध्यम वयाच्या, थकलेल्या डोळ्यांच्या. जन्मभर बैठकांची टिपणं घेत आलेल्या माणसाचे डोळे जसे होतात तसे. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. अध्यक्षांनी प्रास्ताविक सुरू केलं. मागे एका यंत्रात त्यांचेच घरचे नवे निळे पडदे फिरत होते, कारण उद्घाटन आपल्या कपड्यांनी व्हावं अशी त्यांची इच्छा होती. त्यांची वेळ संपत आली. त्यांनी भाषण न थांबवता, एका अंगठ्यानं, फोनवरून आणखी वेळ मागितली.

ठीक आहे, यंत्र म्हणालं.

"बघा! एका शब्दात काम," अध्यक्षांनी बाईंना फोन दाखवला.

आत लिहिलं होतं की पुढची वेळ दंतवैद्यांची आहे, म्हणून वाढवून मिळणार नाही. पण आतलं आत होतं. ठरल्याप्रमाणे दंतवैद्य आले, कुलूप त्यांना उघडलं. त्यांनी दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांचा गठ्ठा पुढे धरला आणि पाहुण्यांकडे मान वळवून हसत हसत, आतल्या पडद्यांकडे न बघताच, कोंबला. घसा साफ करून यंत्रानं पाणी घेतलं.

शिकवणीच्या बाईंनी शेजारच्या यंत्रासाठी वेळ मागितली. ठीक आहे. त्याच क्षणी मागणाऱ्या आणखी दोघांनाही तीच वेळ ठीक होती. तिघंही टोपल्या घेऊन एकाच कुलपासमोर उभे राहिले, आणि कुलूप काही कोणाला उघडेना.

"मला 'ठीक' म्हणालंय!"

"मला काय 'वाईट' म्हणालंय का?"

"तुमचं ठीक कधीचं आहे? माझं ठीक आधीचं आहे!"

चिमट्यांच्या काळात निदान वाऱ्याला दोष देता येत होता. इथे तर प्रत्येकाच्या हातात मान्यतेचा पुरावा. एक टोपली उलटली, त्यातला एक पायमोजा सचिव बाईंच्या मांडीवर गेला. त्यांनी तो शांतपणे घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवला. एवढ्यात दंतवैद्यांनी आपले कोट बाहेर काढले. सगळे आकाशी निळे. काहींवर पडद्याच्या झालरीची नक्षीसुद्धा उतरली होती.

"उद्या पेशंट आले की मला नळ दुरुस्त करायला सांगतील," दंतवैद्य क्षीण आवाजात म्हणाले.

"माझे पडदे!" अध्यक्ष ओरडले, कारण त्यांचे पडदेही पूर्वीचे राहिले नव्हते. मग ते सुनेकडे वळले. "हे तुझं काम? पाहुण्यांसमोर ही शोभा?"

सून पुढे झाली. "काका, आपल्या ठरावात..."

"ठरावात काय पडदे बिघडवा असं लिहिलं होतं? प्रोग्रामच सदोष आहे! बाई, आम्ही दिलगीर आहोत. नवखी मुलगी आहे."

सचिव बाईंनी पर्स उचलली. सून त्या पर्सकडे बघत राहिली. जुन्या ऑफिसातली ती राखून ठेवलेली खुर्ची तिला बहुधा स्पष्ट दिसत असावी.

तपासनीस भिंतीशी उभे होते, आपल्याच प्रमाणपत्राखाली. मागून सासूबाईंचा आवाज आला, फार मोठा नाही, पण अख्ख्या तळघरात पोचेल एवढा.

"अहो, सही तुमची आहे ना? मग ती मुलगी का बोलणी खातेय?"

तपासनिसांनी घसा खाकरला. "जरा थांबा," ते बाईंना म्हणाले. "चूक हिची नाही. वजन न टाकता मी काट्यावर शिक्का मारला."

"म्हणजे?" बाई उभ्या होत्या तशाच थांबल्या.

"म्हणजे मी फक्त पहिली ओळ बघितली. आतलं वाचलं नाही."

इतक्या माणसांसमोर, आणि तेही बायकोच्या देखत, हे वाक्य उच्चारणं म्हणजे काय, हे ज्यानं घरात साखर मोजली आहे त्यालाच कळेल. सून त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

"बाबा, मग आत्ता टाका वजन."

"इथे? सगळ्यांसमोर? सगळं लाल होईल गं."

"होऊ दे."

तपासनीस इस्त्रीच्या टेबलाशी बसले. प्रत्येक प्रश्नाच्या खाली त्यांनी एकेक ओळ वाढवली: आतल्या मजकुरात अमुक असलंच पाहिजे. वेळ मागितली तर वेळ मिळालेली असली पाहिजे. वाढवून मागितली तर वाढलेली असली पाहिजे. ह्या वेळी स्वल्पविराम एकही चुकला नाही. आज्ञा दिली.

लाल. लाल. लाल. पडद्यावर जणू तिखट सांडलं.

ते एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले, भर बाजारात पंचनामा वाचायचे त्या सुरात. "वेळ वाढवून देण्याबाबत. वरून म्हणतं: ठीक आहे. आत म्हणतं: मिळणार नाही, पुढची वेळ दंतवैद्यांची. तिघांच्या मागणीबाबत. वरून: ठीक आहे. आत: तिघांनी एकाच क्षणी मागितली, म्हणून वेळ कोणालाही दिलेली नाही, आपसात ठरवावे..."

अध्यक्ष म्हणाले, "पुरे झालं."

"नाही, चालू द्या," सचिव बाई म्हणाल्या, आणि पुन्हा खुर्चीवर बसल्या. "म्हणजे यंत्राला सगळं ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून," सून म्हणाली.

"आणि ते 'नाही' म्हणत होतं?"

"स्पष्ट म्हणत होतं. आम्हीच त्याचं तोंड दाबलं."

"अध्यक्षांनासुद्धा 'नाही' म्हणायचं?"

"त्यांना तर सगळ्यांत आधी," तपासनीस अभिमानानं म्हणाले. "चारशेतीन. मी स्वतः तपासलंय."

बाईंनी एक मोठा श्वास सोडला. कोणाचं तरी न बोलून साठलेलं बाहेर पडतं तसा. "आमच्याकडेही अध्यक्ष आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना 'नाही' म्हणू शकेल असा माणूस मला अजून सापडलेला नाही. मी तर नक्कीच नाही. मुली, हे आमच्याकडे बसवून दे. जसं आधी होतं तसं." मग अध्यक्षांकडे बघून, अगदी गोड आवाजात, "ठराव सोडून."

सुनेनं नुसती मान हलवली, आणि मग पटकन वळून यंत्रातून कोणाचे तरी कपडे काढायला लागली, ते आपले नाहीत हे न बघता.

"आणि तपासणी?" तपासनिसांनी पुढे होऊन विचारलं. "मी मोकळाच आहे."

"तपासणी लागेलच," बाई म्हणाल्या. "पण बाहेरच्या माणसाकडून. राग मानू नका. घरचा माणूस भिंतीवर प्रमाणपत्र फार लवकर लावतो."

तपासनिसांनी राग मानला. चांगले तीन दिवस मानला. सून कामात बुडाली होती, समोरच्या संकुलात ये-जा करत होती, जेवताना एका हातानं टाइप करत होती, आणि घरात एकटेच ते असे होते की ज्यांना काही तपासायला नव्हतं. साखरसुद्धा त्यांनी तशीच डब्यात ओतली. तेव्हा मात्र सासूबाईंना काळजी वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी गुपचूप काळा चौकोन उघडला, आणि समोरच्या संकुलाच्या खिडकीवर जाऊन, स्वतःच्या खऱ्या नावानं, एक वेळ मागितली. नुसती सहज. गेटपाशी पिशवी घेऊन उभं राहावं तशी.

लाल ओळ आली. चारशेतीन. आत स्वच्छ लिहिलं होतं: आपण या संकुलाचे रहिवासी नाही, वेळ देता येत नाही. त्यांनी विनंती फिरवून पाठवली. चारशेतीन. उलट्या वेळेची पाठवली, सगळी यंत्रं एकदम मागितली, दुसऱ्याची वेळ रद्द करून पाहिली. कुठेही ढिलं सापडेना.

"अगं, इकडे ये!" त्यांनी बायकोला हाक मारली. "बघ तर!"

सासूबाईंनी चष्मा लावून पडद्यावरची लाल रांग पाहिली. "हे काय?"

"सुनेनं मला आत घेतलं नाही!"

"आणि तुम्ही असे हसताय?"

"सोळा तऱ्हांनी मागितलं गं," तपासनीस डोळे पुसत म्हणाले. "आणि बघ, एकदा तरी बधली का?"